एका चिकटवलेल्या बँजोची कैफियत

मी एक जुना बँजो आहे. डफासारखं गोल पोट, त्यावर ताणलेलं कातडं, अक्रोडाच्या लाकडाची लांब मान आणि पाच तारा, एवढाच माझा संसार. मित्रांनो, ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. ती अंगणाला कशी झोंबते, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ते मी सांगतो.

माझी पहिली एकतीस वर्षं एका न्हाव्याकडे गेली. गिऱ्हाईक नसलं की तो वस्तरा पुसून ठेवायचा आणि मला मांडीवर घ्यायचा. अर्ध्या गालाला साबण लावलेली माणसंसुद्धा, होऊ दे तुझं, म्हणून थांबायची. दुकान बंद करताना तो कोरड्या फडक्याने माझी मान पुसायचा. पुढे त्याचा हात थरथरू लागला. ज्या आठवड्यात वस्तरा सुटला, त्याच आठवड्यात त्याने मला वाद्यांच्या दुकानात आणून ठेवलं. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या मालकाविषयी. हा विमा कचेरीतला हेडक्लार्क. त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि निरोप समारंभात आपण भाषण न करता बँजो वाजवणार, असं त्याने कचेरीभर सांगून टाकलं होतं. बँजो तोवर घेतलेलाही नव्हता. बायकोला सोबत घेऊन तो दुकानात आला.

दुकानदार सरळ माणूस. नवशिक्याने हलका, नवा बँजो घ्यावा, नाहीतर आधी महिनाभर भाड्याने न्यावा, असं तो म्हणाला. ‘नवशिक्या’ हा शब्द हेडक्लार्कच्या जिव्हारी लागला. त्याने थेट माझ्याकडे बोट दाखवलं. मग दुकानदाराने मला पुढ्यात घेऊन एक गोष्ट दोनदा सांगितली. तारांखाली कातड्यावर जी लाकडी पट्टी उभी असते, तिला घोडी म्हणतात. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी राहते. म्हणून तारा एकेक करून बदलायच्या, सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. घोडी थोडी जरी सरकली तरी सूर बिघडतात. हे सगळं बायकोने ऐकलं. हेडक्लार्क तेवढ्या वेळात, गळ्यात बँजो अडकवल्यावर आपण कसे दिसू, ते समोरच्या आरशात बघत होता.

त्यानंतर घरात पट्टा आला, स्टँड आला, मखमली अस्तराची पेटी आली, बोटांत घालायच्या धातूच्या नख्या आल्या. नख्या त्याने उलट्या, मांजरासारख्या नखांवर घातल्या. सराव तेवढा यायचा राहिला. पहिल्या महिन्याचा हिशोब माझ्याकडे आहे: फोटोसाठी अकरा वेळा, पाहुण्यांना दाखवायला सात वेळा, वाजवायला दोनदा. त्यातही एकदा फोन आला.

मग एका रविवारी त्याला मला चकाचक करायची हुक्की आली. त्याने पाचही तारा एकदम काढल्या. घोडी टपकन पडली. “अहो, दुकानदार म्हणाले होते...” बायकोने तोंड उघडलं, पण त्याने तिला पुढे बोलू दिलं नाही. वस्तू तुटली की जोडायची असते, एवढी अक्कल आपल्याला आहे, असं म्हणून त्याने घोडी डिंकाने पक्की बसवून टाकली. अंदाजाने. मूळ जागेपासून अंगठाभर मानेकडे.

त्या दिवसापासून मोकळी तार कितीही सुरात लावली, तरी बोट दाबलं की सूर चढायचा, आणि मानेवरून बोट जसं खाली उतरेल तसा आणखीच चढायचा. शिकणाऱ्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. याला कळायला समारंभ उजाडावा लागला. साठ माणसं खुर्च्यांवर बसली होती. थोडा वेळ सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मागच्या रांगेतून एकाने शेजाऱ्याला विचारलं, “साहेब अजून तारा लावतायत, की सुरू झालं?”

हशा पिकला. हेडक्लार्कने मला खाली ठेवलं आणि जाहीर केलं, “दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला माझ्या.” लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि ते चहाकडे वळले. पुढे तो भेटेल त्याला हेच सांगत सुटला. त्या दुकानात जाणारी चार माणसं जायची थांबली. शेवटी बायको म्हणाली, गावभर बोलताय तर एकदा त्यांच्या तोंडावर बोला, आणि तिने त्याला दुकानात नेलं.

दुकानदाराने घोडीवरून बोट फिरवलं. “ही कुणी चिकटवली?”

“आधीपासून तशीच होती,” हेडक्लार्क म्हणाला. बायको छताच्या पंख्याकडे बघू लागली.

दुकानदार वाद घालत बसला नाही. त्याने तारा सैल केल्या, गरम पात्याने घोडी सोडवली आणि दोऱ्याने अंतर मोजून तिला तिच्या जागी उभं केलं. तारा ताणल्या. आणि तो वाजवू लागला.

मित्रांनो, स्वतःचा आवाज इतक्या दिवसांनी ऐकणं काय असतं, ते मी सांगायला जात नाही.

“हा असा वाजतो?” बायकोने विचारलं.

“असाच वाजायचा, वहिनी.” मग हेडक्लार्ककडे वळून, टोमणा न मारता तो म्हणाला, “साहेब, आता रिकामे आहात. रोज अर्धा तास या. पैसे नकोत मला.”

हेडक्लार्क भिंतीवरचं दरपत्रक वाचत राहिला.

“मी आले तर चालेल?” बायको म्हणाली.

“चालेल की.”

“एका घरात एक बँजोवाला पुरे,” म्हणून हेडक्लार्कने मला उचललं.

त्याची अडचण मला कळत होती. मी खराब आहे, असं त्याने साठ माणसांना सांगितलं होतं. मी त्याच्या घरात, तेही बायकोच्या हातून, सुरात वाजलो असतो, तर खराब कोण, याचं उत्तर सगळ्यांना मिळालं असतं. दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर त्याने डिंकाची बाटली काढली. पहिल्यांदा घोडी अंदाजाने चिकटवली होती. या वेळी फूटपट्टी घेऊन, मोजूनमापून चुकीच्या जागी चिकटवली. माझ्या बाबतीत त्याने एवढं एकच काम नेमकं केलं.

हल्ली मी दिवाणखान्याच्या भिंतीवर असतो. पाहुणे विचारतात, तो ‘फसवलं हो मला’ म्हणतो, आणि बायको पाण्याचे पेले घेऊन आत जाते.

मित्रांनो, वाद्य जरूर घ्या. कोरड्या फडक्याने पुसा, ओलीपासून जपा, रोज थोडं वाजवा. बेसूर वाजलं तरी वाद्य रागवत नाही, आम्हाला सवय असते. न ऐकता, न विचारता, चुकून घोडी चिकटवलीत तर तेही माफ आहे, ती सोडवता येते. फक्त एकदा सोडवल्यावर पुन्हा चिकटवू नका.