थांब्याने गिळलेले वाक्य

मित्रांनो, मी एक जुना थांब्या आहे. हे नाव तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. आमच्या रेडिओ केंद्रातल्या माणसांनीच ते मला दिले. माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर एक लांबलचक नाव आणि क्रमांक कोरलेला आहे, पण तो वाचण्यासाठी कुणी कधी मान वाकडी केली नाही.

आकाराने मी दोन जाड वह्या एकावर एक ठेवाव्यात एवढा आहे. माझ्या तोंडावर सात हिरवे दिवे आहेत आणि उजव्या टोकाला एक मोठे लाल बटण. माझे काम सांगायला सोपे आहे. माइकमधून किंवा फोनवरून आत आलेला आवाज मी सात सेकंद धरून ठेवतो आणि मग पुढे सोडतो. आमच्या खोलीत कुणी शिंकले, की ती शिंक घराघरांतल्या रेडिओवर सात सेकंदांनी पोहोचते. थेट चाललेल्या कार्यक्रमात कुणी शिवी हासडली किंवा कुणावर भलता आळ घेतला, तर लाल बटण दाबायचे. माझ्या पोटातले तेवढे बोलणे पुसले जाते आणि रेडिओवर ते ऐकूच येत नाही. मग मी रिकामा होतो. बोलणाऱ्याच्या दोन शब्दांमधली पोकळी केसभर ताणत ताणत मी पुन्हा सात सेकंद जमवतो. त्याला तीन-चार मिनिटे लागतात आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हे ताणण्याचे काम मला फार आवडायचे.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. एका बाईने भिंगातून बघत, कथलाचे बारीक थेंब टाकून माझ्या तारा जोडल्या. शेवटी तिने माझ्यात “एक, दोन, तीन” असे म्हटले आणि गप्प बसून वाट पाहिली. सात सेकंदांनी स्वतःचाच आवाज ऐकून ती हसली. माझ्याकडे पाहून एवढ्या मोकळेपणाने हसलेले ते पहिले माणूस.

तिथून मी या केंद्रात आलो. केंद्र म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली दातांचा दवाखाना होता आणि त्याच्या यंत्राची घरघर कधी कधी पाण्याच्या नळातून वर यायची. दोन खोल्यांच्या मध्ये जाड काच. आतल्या खोलीत भिंतींना जुन्या सतरंज्या ठोकलेल्या, मधोमध गोल टेबल आणि तीन माइक. तिथे निवेदिका ताई बसत. बाहेरच्या खोलीत मी, फोन आणि तंत्रज्ञ काका. काकांना कमी बोलायची सवय होती. दर शनिवारी सकाळी ते मऊ कुंचल्याने माझ्या फटींमधली धूळ काढत आणि मगच स्वतःचा चष्मा पुसत.

शनिवारी अकरा वाजता आमचा ‘बोला, ऐकतोय’ हा कार्यक्रम असायचा. लोक फोन करून आपल्या वस्तीविषयी बोलत. रस्त्याकडेची झाडे तोडावीत की ठेवावीत, वाचनालयाचे छप्पर कोण दुरुस्त करणार, आजीच्या तोंडचे शब्द नातवंडांना का कळत नाहीत. एकदा मागावर काम केलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विणकरांचे गाणे म्हटले आणि तिसऱ्या कडव्यावर त्या अडल्या. लगेच तीन फोन आले आणि तिघांनी तीन वेगवेगळी कडवी सांगितली. आमच्यावर सगळ्यांत जास्त जीव होता तो बॅटरी कारखान्याजवळच्या गल्लीतल्या न्हाव्याचा. तो दर आठवड्याला फोन करायचा आणि म्हणायचा, “ताई, गिऱ्हाईक अर्धं भादरून ठेवलंय, पटकन बोलतो.” पटकन तो कधीच बोलला नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. फोन लागला की काकांचे पहिले वाक्य ठरलेले असे, “आधी घरातला रेडिओ बंद करा.” रेडिओ चालू राहिला तर बोलणाऱ्याला आपलाच सात सेकंदांपूर्वीचा आवाज ऐकू येतो आणि त्याची जीभ अडखळते. आत बसलेल्या ताईंच्या कानात जो आवाज जाई, तोही माझ्यात शिरण्याआधीचा असे. म्हणून मी काय गिळले ते बोलणाऱ्याला कळत नसे आणि ताईंनाही कळत नसे. ते फक्त काकांना आणि मला ठाऊक असे.

यासाठी माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर एक नियम चिकटवला होता: ज्याचे बोलणे गाळले त्याला, आणि निवेदिकेला, कार्यक्रम संपताच कळवावे. काकांनी दहा वर्षे तो पाळला. एका आजोबांना त्यांनी कळवले, की तुमची शिवी गाळली बरं का. आजोबा म्हणाले, “गाळली ते बरं केलंत. सूनबाई ऐकत होती.”

मग एका शनिवारी कुणीतरी एका ठेकेदाराला चोर म्हटले आणि काकांचे बोट क्षणभर उशिरा पडले. ठेकेदाराच्या वकिलाचे पत्र आले. केंद्राच्या समितीने काकांना सगळ्यांसमोर उभे करून विचारले, की तुमचा हात झोपला होता का. हेही ठरले, की पुन्हा असे झाले तर दुसरा माणूस बघू, आणि कारखाने-ठेकेदारांचे विषय केंद्राने आपणहून काढायचे नाहीत. त्या दिवसापासून त्यांचे बोट कार्यक्रमभर माझ्या बटणावरच टेकलेले असे. बोटाला घाम असायचा.

महिनाभराने लॅबवाल्या मावशींचा फोन आला. या मावशी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. न्हाव्याच्याच गल्लीत एकट्या राहत. गल्लीतल्या हातपंपाचे पाणी त्यांना वेगळे लागले, म्हणून त्यांनी शाळेतून लिटमसचे कागद आणले. वरच्या गल्लीतल्या पाण्यात निळा कागद निळाच राहिला. त्यांच्या पंपाच्या पाण्यात तो लाल झाला. तीन आठवडे, तीन वेळा. मागे जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा कारखाना होता. बॅटरीत आम्ल असते आणि शिसेही असते, हे त्यांना पक्के माहीत होते. त्यांनी दारोदार जाऊन सांगितले. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत होते, त्यामुळे कुणाला पटेना. शेवटी शेजारीण म्हणाली, की असं करा, रेडिओवर सांगा, रेडिओवर आलं की आम्ही मानू. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. हे सगळे मावशींनी ताईंशी बोलायच्या आधी काकांना सांगितले. काकांनी ऐकून घेतले आणि ठरलेले वाक्य म्हटले. मावशींनी घरातला रेडिओ बंद केला.

मावशींना चारचौघांत बोलायची सवय नव्हती. सुरुवातीची चार मिनिटे त्या पंपाचा इतिहासच सांगत बसल्या. तो कुणी बसवला, त्याचा दांडा हातांनी घासून कसा गुळगुळीत झाला, लहान मुले त्याला कशी लोंबकळतात. मग श्वास घेऊन त्या म्हणाल्या, “बॅटरी कारखान्यामागच्या पंपाचं पाणी मुलांना देऊ नका, त्यात आम्ल उतरलंय, शिसंही असणार.”

सहा सेकंदांचे वाक्य. ‘कारखाना’ हा शब्द ऐकताच काकांचे बोट बटणावर आवळले होते. पण लगेच दाबले तर अर्धेच पुसले जाते, म्हणून त्यांनी वाक्य पूर्ण होऊ दिले आणि मग दाबले. कामात ते चोख होते.

आत ताई म्हणाल्या, “मावशी, फार महत्त्वाचं सांगितलंत. ऐकणाऱ्यांनी हे विसरू नका.” गल्लीतल्या रेडिओंवर पंपाच्या इतिहासाला लागूनच हे कौतुक ऐकू गेले.

कार्यक्रम संपल्यावर काकांनी मावशींचा नंबर फिरवला. फोन कुणाशी तरी चालू होता. पुन्हा फिरवला, तेव्हाही चालू होता. ताईंना सांगायला ते उठले, तर ताई घाईने जिना उतरत होत्या. सोमवारी सांगू, असे काकांना वाटले असावे. सोमवारी ताई आल्या, तेव्हा ते कुंचल्याने माझ्या फटींमधली धूळ काढत बसले.

पुढच्या शनिवारी पाण्याविषयी एकही फोन आला नाही. ताईंनी पाणीपुरवठा कार्यालयाला पत्र लिहिले होते, त्याला उत्तर नव्हते. काचेच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “एवढं स्पष्ट सांगितलं बाईंनी, आणि एकालाही काही वाटलं नाही, काका. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांनाही नाही.” काका चष्मा पुसत राहिले. त्या दिवशी सांगितले असते तर एक आठवडाच गेला असता. मित्रांनो, न सांगितलेली गोष्ट जितके दिवस राहते तितकी ती सांगायला जड होत जाते. हे मी मोजलेले नाही, पण त्यांच्या बोटाचा भार मला दर शनिवारी जाणवत होता.

पाच महिने गेले. एकदा न्हाव्याला फोनवर वाट बघायला लावली होती, तेव्हा तो काकांशी बोलत बसला. म्हणाला, की मावशी आता आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्या रेडिओवर बोलल्या, आम्ही दुकानात सगळ्यांनी ऐकलं, पंपाचं फार छान सांगितलं. पाण्याची तक्रार त्यांनी सोडून दिली म्हणून आम्हीही निवांत झालो. “आमचं काय चुकलं, काका? तुम्ही ओळखता त्यांना, जरा विचारून बघा की.”

काका म्हणाले, “विचारतो.” त्यांनी विचारले नाही.

मग गल्लीतल्या मुलांची पोटे दुखू लागली. मावशींच्या शेजारणीची सहा वर्षांची मुलगी, जिने एकदा आमच्या कार्यक्रमात फोनवरून तेराचा पाढा न अडखळता म्हटला होता, ती आता दोनाच्या पाढ्यात थांबू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासले. रक्तात शिसे होते, आणि एका मुलात नव्हे, अकरा मुलांत. कार्यालयाची माणसे आली आणि पंपाचा दांडा काढून घेऊन गेली. पण शिसे हा धातू हाडांत जाऊन बसतो, आणि लहान मुलांच्या मेंदूचे जे बिघडवतो ते पूर्ववत होत नाही. हे मी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडून ऐकले. ते ताईंना जिन्यात समजावून सांगत होते.

ताईंनी मावशींना शनिवारच्या कार्यक्रमासाठी केंद्रात बोलावले. मावशी इस्त्री केलेली साडी नेसून आल्या आणि गोल टेबलाशी ताठ बसल्या. काचेतून मला त्यांचे हात दिसत होते. नखांवर रसायनांचे जुने तपकिरी डाग होते. कार्यक्रम सुरू होण्याआधी ताईंनी शेजारणीच्या मुलीची चौकशी केली. मावशी हळू आवाजात बोलत होत्या. मुलगी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली होती. तिच्यासमोर जायला पाय उचलत नाहीत, म्हणून त्या घर सोडून भावाकडे कायमच्या निघाल्या होत्या. मग कार्यक्रम सुरू झाला आणि त्या माइककडे वळल्या.

“मी इथेच सांगितलं होतं. साऱ्या गल्लीने ऐकलं. पंपावर शेजारीण म्हणाली, छान बोललात. आणि हंडा भरत राहिली.”

हे बोलणे माझ्या पोटात होते. सातही दिवे लागलेले होते. ते पुढे गेले असते तर गल्लीत कुणीतरी उठून म्हणाले असते, की नाही हो मावशी, आम्ही ऐकलेच नाही. न्हावी अर्धे गिऱ्हाईक टाकून फोनकडे धावला असता. काकांना हे माझ्याइतकेच कळत होते. त्या बोलण्यात शिवी नव्हती, कुणा कारखान्याचे नाव नव्हते.

त्यांनी बटण दाबले.

मी रिकामा झालो. रिकामा असलो की मी काहीच धरू शकत नाही, आवाज थेट निघून जातो. त्यामुळे ताई जे म्हणाल्या ते तसेच रेडिओवर गेले. “हो मावशी. मी ऐकलं होतं.” लोकांना त्याचा अर्थ लागला नसणार. मावशींनी कानांवरचे हेडफोन काढले, वायरची नीट गुंडाळी केली, टेबलावर ठेवली आणि त्या गेल्या.

त्यानंतर दोन शनिवार कार्यक्रम झाला. ऐकून कुणी काही करत नसेल तर बोलायचे कशाला, असे म्हणून ताईंनी तो बंद केला. काकांनी माझी वायर काढली तेव्हा खोलीत दुसरे कुणी नव्हते. ते मला म्हणाले, “तुला तरी माहीत आहे.” एवढेच. तेव्हापासून मी कपाटात आहे. खाली दवाखान्याची घरघर अजून चालू असते. अकरा कधी वाजतात ते मला कळत नाही.

मित्रांनो, ती गल्ली वाईट नव्हती. त्यांनी रेडिओवर आले की मानू म्हटले होते, आणि ती माणसे दिलेला शब्द पाळणारी होती. ते त्या बाईंना कधीच कळणार नाही. आपल्या शेजाऱ्यांनी जाणूनबुजून मुलांना ते पाणी पाजले, असे समजूनच त्या जगतील. ती मुलगी शाळेत जाते म्हणे, मागच्या बाकावर बसते.

उद्या तुमच्याही हाती असे एखादे काम येईल, ज्यात दुसऱ्याचे बोलणे अडवावे लागेल. कधी ते योग्यही असेल. फक्त त्याच दिवशी त्या माणसाकडे जा आणि सांगा, की तुमचे बोलणे मी पुढे जाऊ दिले नाही. तो रागावेल. रागावू द्या. त्याला निदान एवढे कळेल, की आपल्याला पुन्हा बोलायला हवे.