फोटो फाटू नये म्हणून

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. टेबलावर संगणक, मागे काचेचं कपाट आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. उकाड्याने जीव नकोसा झालाय, तरी खिडकी घट्ट बंद. कारण समोरच मावशीचं दुकान आहे आणि चिमीच्या आईला मावशीचं तोंडही बघायचं नाही.

पूर्वी दोघी बहिणी इथेच पोस्टर बनवायच्या. मग एका शाळेचा फलक बिघडला. फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची दाटी. ठिपके थोडे असताना चित्र ताणलं, की ते चौकटी-चौकटींचं दिसू लागतं. त्याला म्हणतात, फोटो फाटला.

"मोबाइलवर आलेला टीचभर फोटो तूच घेतलास," आई म्हणाली.

"आणि न बघता ताणला कोणी?" मावशी म्हणाली.

शब्दाने शब्द वाढला. मावशीने समोर दुकान थाटलं आणि वर पाटी लावली, 'आमच्याकडे फोटो फाटत नाही.'

"मलाच टोमणा मारतेय बया!" आईचा तिळपापड झाला.

आज आईही भिंतभर पाटी करत होती. त्यासाठी तिने, दोघींनी मिळून हे दुकान उघडलं त्या दिवशीचा, मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो घेतला होता. मधे चिमी, दोन बाजूंना दोघी, मागे भिंत आणि हेच काचेचं कपाट. ठिपके भरपूर, फाटायची भीती नाही. अडचण मावशीची होती.

"हिला आधी घालवते." भिंतीचे ठिपके उचलून आई ते मावशीवर लिंपू लागली. चेहरा गेला, पदर गेला. चिमीच्या खांद्यावर मावशीची चार बोटं उरली, त्यांवर आईने फ्रॉकची फुलं बसवली.

"आई, तो माझा खांदा आहे."

"मग? ठेवलाय ना तुला?"

"मावशीने माझं काय वाकडं केलंय?"

"आणखी एक शब्द, तर तुलाही खोडेन."

दोघी एकत्र हसताहेत असा हा एकच फोटो होता. आता आई सेव्ह करणार आणि जुना कायमचा पुसला जाणार.

"छापखानेवाला खोळंबलाय, माझे डोळे शिणलेत. तिचं काही राहिलंय का, नीट बघ," आईने फर्मावलं.

चिमीने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. लहान फोटोत जिथे नुसतं धुकं दिसलं असतं, तिथे कपाटाच्या काचेत मावशीची पाठ स्वच्छ उमटली होती. आणि काचेतल्या आईने चिमीच्या मागून हात घालून मावशीची वेणी मुठीत धरली होती, चिडवताना धरतात तशी.

चिमीने चित्र पटकन लहान केलं.

"काय गं, राहिलंय?"

"राहिलंय."

"कुठे?"

"नाही सांगणार."

"चिमे, मार खाशील हं!" आईने मान पुढे काढून भिंत पाहिली, खांदा पाहिला, पुन्हा भिंत पाहिली. काचेकडे तिचं लक्षच गेलं नाही. "आण तो माऊस इकडे!"

चिमीने बिनवायरचा माऊस फ्रॉकच्या खिशात टाकला, धावत जाऊन खिडकीची कडी काढली आणि अर्धी बाहेर वाकून ओरडली, "मावशे, तू आमच्या कपाटात राहिलीयेस! आईला सापडत नाहीयेस, लवकर ये!"