लांबवलेला सूर

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आमच्या घरात हल्ली कुणी उच्चारत नाही. यांचे पुढचे दोन दात पडले आणि बाकीच्यांनी पाठोपाठ राजीनामे दिले. कवळी बसली, जेवण सुरळीत झालं, फोटोत हे पूर्वीपेक्षा बरे दिसू लागले. फक्त ट्रम्पेट वाजेना. ओठांमागे स्वतःचे दात नसले तर ओठ टेकायचे कशावर? हवा कोपऱ्यातून निसटायची, कवळी हलायची, आणि भरला हॉल गप्प करणारा माणूस आरशासमोर फुसफुस करत उभा राहायचा. बरेच दिवस खटपट केली. मग ट्रम्पेट जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं.

त्यानंतर हे शहाण्यासारखे वागू लागले आणि मी घाबरले. लग्न झाल्यापासून माझ्या चहात रोज खोट काढणारा माणूस आता 'छान झालाय' म्हणून कप खाली ठेवायचा. भांडायला जावं तर 'तुझं बरोबर आहे' म्हणायचा. रेडिओवर कुठे ट्रम्पेट लागलं की उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचा. दोन झाडं त्या पाण्याने सडली. झाडांचं जाऊ द्या, माणूस माझ्यासमोर हळूहळू विझत होता आणि मला ते बघवत नव्हतं.

आम्ही दोघं एका हॉटेलच्या बँडमध्ये होतो. खाली लोक जेवायचे, कोपऱ्यातल्या बुटक्या स्टेजवर आम्ही चौघं वाजवायचो. हे ट्रम्पेट, मी विजेचा ऑर्गन, शिवाय एक गिटारवाला आणि एक ड्रमवाला. यांना सगळे भोंगा म्हणत. नवरा कसा आहे याची चौकशी मला करावी लागली नाही, रोज कानाशीच वाजत होता.

रात्रीची शेवटची चाल ठरलेली होती. दिवे मंद व्हायचे, हे एकटेच एक सूर धरायचे, चार मोजले की मी खालून ऑर्गन घेऊन यायची आणि मग बाकीचे दोघं. एका रात्री अंधारात वेटरचा पाय वायरीत अडकला आणि माझा प्लग निघाला. मी पट्ट्या दाबतेय आणि ऑर्गन ठार मुका. मी साडी सावरत स्टेजखाली शिरले आणि चाचपडत भोक शोधू लागले. वर यांनी सूर सोडला नाही. चार झाले, आठ झाले, हे आपले धरूनच. लोकांना वाटलं चालच तशी आहे. प्लग बसला, मी केस विस्कटलेल्या अवस्थेत वर आले, सूर घेतला, आणि त्या रात्रीइतक्या टाळ्या आम्हाला पुन्हा मिळाल्या नाहीत.

त्या दिवसापासून यांचं एक पालुपद झालं. 'एका दमात धरला होता. मध्ये श्वास नाही.' पाहुणा आला की ही गोष्ट, आणि पाहुण्यागणिक सूर थोडा लांब. मी म्हणायची, मध्ये कुठेतरी श्वास चोरला असणारच, माणूस आहात की फुगा. यावरून आम्ही आयुष्यभर भांडलो. दात गेल्यावर यांनी ती गोष्टही सांगायची सोडली.

आमची सून जाहिरातींसाठी आवाज तयार करते. तिच्या लॅपटॉपमध्ये एक सिंथेसायझर आहे, म्हणजे वाद्य नाही, नुसता प्रोग्राम, समोर वाजवायला एक छोटा कीबोर्ड. त्यातले आवाज विकतचेच असले पाहिजेत असं नाही, आपला आवाजही त्याला देता येतो, असं ती सहज बोलून गेली. मी विचारलं, कुणाचाही? ती म्हणाली, "कुणाचाही. फक्त तो एकटा वाजत असलेला हवा."

मी कपाट उपसलं. हॉटेलच्या मॅनेजरने एकदा आमचं वाजवणं कॅसेटवर उतरवून आम्हाला प्रत्येकी एक प्रत दिली होती. नेमकी तीच रात्र. त्या अख्ख्या कॅसेटमध्ये हे एकटे वाजतात अशी जागा एकच होती, मी स्टेजखाली होते ती.

हे दुपारी फिरायला गेले की आम्ही दोघी बसायचो. सुनेने तो सूर स्क्रीनवर आणून इतका मोठा केला की त्याच्या टेकड्या दिसू लागल्या. एक मोठी, शेजारी दोन लहान, मग दरी, आणि पुन्हा तेच. तिने समजावलं की सूर म्हणजे हाच एक फेरा, सेकंदात शेकडो वेळा. त्यातला एक कापायचा, प्रोग्रामला द्यायचा, मग पट्टी दाबली की तो तोच फेरा गिरवत राहतो. वरची पट्टी दाबली तर भरभर, खालची दाबली तर सावकाश.

ऐकायला सोपं. मी पहिल्यांदा कापला तो टेकडीच्या माथ्यावर, कारण तिथे छान दिसत होता. पट्टी दाबली तर नुसती करकर. सुरुवात वर आणि शेवट खाली, मग दर फेऱ्याला ठेच लागणारच. रेघ मधली आडवी रेषा ओलांडून वर जाते तिथून, पुढच्या वेळी ती तशीच वर जाते तिथपर्यंत कापायचं असतं. सून मला ओरडली नाही, पण तिने ज्या तऱ्हेने चष्मा पुसला ते मला कळलं.

हे सगळं करताना मला ती जागा दिसली. टेकड्या चालल्या होत्या, मध्येच एक बारीकसा सपाट तुकडा, मग पुन्हा टेकड्या. कॅसेट तिथे ऐकली तर काही कळत नव्हतं, कारण अगदी त्याच वेळी हॉलमध्ये कुणाचं तरी ताट खाली पडलं होतं. ताटाचा खणखणाट सुनेने दाबून टाकला आणि मागे निव्वळ शांतता उरली. बाबांनी इथे श्वास घेतला, ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या भांडणातलं हुकुमाचं पान माझ्या हातात होतं. यांचे दात शाबूत असते तर मी फाटकातच गाठलं असतं. आता ते पान टाकावंसंच वाटेना. मी सुनेला म्हटलं, हे आपल्या दोघींत. मला एकदम रडू आलं, कारण मी खाली चाचपडत असताना वर या माणसाची काय तारांबळ उडाली असेल ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

मग आम्ही एक स्वच्छ फेरा नीट कापला, बसवला, आणि मी पट्टी दाबली. तेवढ्यात हे फिरून आले. दारात चप्पल काढता काढता म्हणाले, "घरात डास शिरलाय का?" आणि गॅलरीत गेले. पाण्याचा आवाज येऊ लागला.

मी चिडले. यांच्यावर नाही, त्या डासावर. आवाजाची जात ट्रम्पेटचीच होती, पण तो सुरू व्हायचा तसाच संपायचा. त्यात कुणी फुंकत नव्हतं. एकच फेरा पुन्हा पुन्हा गिरवला तर त्यात माणूस कुठून येणार? सून म्हणाली, मग एकाच्या जागी बरेच घेऊ. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच सुराचे आणखी फेरे कापले. ओठ नुकते लागलेत तिथला अर्धवट, मग भरदार झालेला, मग श्वासानंतरचा ताजा, आणि अगदी शेवटचे, जिथे ओठ थकलेत आणि लहान टेकड्या झिजल्यात. ते ओळीने लावले. आता पट्टी दाबून ठेवली की आवाज एकातून दुसऱ्यात सरकत जायचा, आणि शेवटचा आला की तिथेच राहायचा, थकलेला, पण न सोडणारा. कीबोर्डच्या डाव्या अर्ध्यावर सुनेने मला ऑर्गन लावून दिला.

संध्याकाळी मी मुद्दाम दार उघडं ठेवून उजवीकडची त्याच सुराची पट्टी दाबली. गॅलरीतलं पाणी थांबलं. हे झारी हातात घेऊनच आत आले, फरशीवर पाणी सांडत. पुसायला नंतरही येतं.

"कुणाचा आहे हा?"

"भोंग्याचा," मी म्हटलं. "बसा."

हे माझ्या उजवीकडे बसले. झारी खाली ठेवली. मग एका बोटाने तीच पट्टी दाबली, आणि दाबण्याआधी छाती भरून श्वास घेतला. बोटाला श्वास लागत नाही हे मी सांगायला गेले नाही. सूर सुरू झाला, भरला. यांनी मान जराशी तिरकी केली, स्टेजवर करायचे तशी. चार झाले. माझी जागा आली आणि गेली. माझे हात पट्ट्यांवर होते, पण डोळ्यांपुढे सगळं पुसट झालं होतं.

आठ झाले. यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एकाएकी बोट उचललं. जेमतेम क्षणभर. पुन्हा ठेवलं.

"इथे घेतला होता मी," हे म्हणाले. "ते ताट पडलं ना, तेव्हा. कुणाला कळलं नाही."

मी म्हटलं, मला नव्हतं हं माहीत. दारात सून उभी होती. ती झटकन स्वयंपाकघरात गेली.

सूर चालूच होता. शेवटच्या थकलेल्या जागी येऊन थांबला होता आणि यांचं बोट पट्टीवरून हलत नव्हतं. तोंडावर कवळीचं ते नीटनेटकं हसू नव्हतं, जुनं वाकडं होतं.

"आता दम संपत नाही," हे म्हणाले. "तू ये सावकाश."

मी डोळे पुसले. हात केव्हाचे तयार होते. तरी मी आणखी थोडी थांबले.