उन्नतीची कोको

शीला कंपनीतून घरी आली तेव्हा उन्नती खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती आणि पाण्याची बाटली तिच्या पायाशी पडली होती. दुपारीच हातातून निसटली होती ती. वाकून उचलायची ताकद तिच्या कमरेत उरली नव्हती. शेजारच्या भावनाताई अधूनमधून डोकावायच्या, पण त्या दिवशी नेमक्या माहेरी गेल्या होत्या. अकरा वर्षांची पोर कोरड्या ओठांनी म्हणाली, "काय नाय मम्मी, एवढी तहान नव्हती."

त्या संध्याकाळपासून शीलाने कुत्र्याचं मनावर घेतलं. उन्नतीच्या स्नायूंच्या आजारावर औषध नाही, हे डॉक्टरांनी कधीच सांगून टाकलं होतं. पण उन्नतीने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. तिच्यासारखीच खुर्चीतली मुलगी, आणि पडलेली वस्तू तोंडात धरून तिच्या मांडीवर ठेवणारा कुत्रा. तो व्हिडिओ तिने इतक्यांदा लावला होता की शीलालाही पाठ झाला होता. उन्नतीचे पप्पा धम्मदीप ट्रकवर असायचे, बहुतेक वेळ गुजरातच्या बाजूला. फोनवर त्यांनी आधी खेकसून घेतलं, मग म्हणाले, "बघ. जमलं तर बघ."

शीलाने ठिकठिकाणी फोन लावले. एक संस्था फक्त अंधांसाठी कुत्रे देत होती. दुसरीने नाव लिहून घेतलं आणि नंतर फोनच उचलला नाही. अखेर बदलापूरच्या पुढे राहणारा महेश भेटला. तो राखणीचे कुत्रे तयार करायचा.

"ताई, खोटं नाय सांगत, असलं काम मी कधी केलं नाय," तो म्हणाला. "पण कुत्रा शांत मिळाला तर करून बघू."

कुत्रीही त्यानेच शोधली. उल्हासनगरातलं एक सिंधी कुटुंब दुबईला मुलाकडे कायमचं चाललं होतं. त्यांची काळी लॅब्रेडॉर, कोको, त्यांनी महेशच्या हवाली केली. म्हातारी मालकीण तिच्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "बच्ची के पास जा रही है, तो ठीक है."

मग दर रविवारी शीला उन्नतीला रिक्षात घालून पालेगावातल्या घरून बदलापूरला न्यायची. महेश चावी टाकायचा, चमचा टाकायचा, आणि उन्नती म्हणायची, "कोको, आण." सुरुवातीला कोको चमचा घेऊन पळून जायची. उन्नती इतकी हसायची की तिला धाप लागायची. पाऊस संपला, थंडी आली, तोवर कोको वस्तू उचलून मांडीवर ठेवायला शिकली, दोरी ओढून दार उघडायला शिकली, "मम्मी" म्हटलं की शीलाकडे धावत येऊन तिचा पदर ओढायला शिकली.

होळीच्या सुमारास कोको घरी आली. पहिल्याच दिवशी उन्नतीने मुद्दाम बाटली पाडली. कोकोने ती दातांत धरून अलगद तिच्या हातात दिली. शीला ओट्याशी उभी होती. तिने गॅस बारीक केला आणि तोंड फिरवून घेतलं, लेकीला डोळे दिसू नयेत म्हणून. पुढचे दोन महिने ती कामावर निर्धास्त जायची. पॅकिंगच्या टेबलावर बायकांना कोकोच्या गोष्टी सांगायची.

मे महिन्यात उन्नतीला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून ती परतली ती श्वासाचं मशीन घेऊनच. छातीचे स्नायू थकलेत, डॉक्टर म्हणाले, आता रात्री मशीन लागेल, हळूहळू दिवसाही. नाकातोंडावर मास्क बसायचा आणि मशीन फुस्स करून हवा ढकलायचं.

कोको दारातून आनंदाने धावत आली. तेवढ्यात मशीन फुसफुसलं. ती जागच्या जागी थांबली, शेपूट पोटाखाली गेलं, आणि ती ओट्याखाली जाऊन थरथरत बसली.

महेशने खूप खटपट केली. मशीन बंद ठेवून शेजारी खाऊ ठेवला. तो आवाज फोनमध्ये भरून घेऊन हलका हलका ऐकवला. फोनला कोको घाबरत नव्हती. पण मास्क लावलेली उन्नती दिसली की मागे सरायची. शिवाय मास्कमधून "आण" हा शब्द बाहेरच येत नव्हता. मास्क काढला की कोको येऊन मांडीवर डोकं ठेवायची, पण मास्क काढून राहायची वेळ दिवसेंदिवस आटत चालली होती.

"अजून थोडा टाइम द्या ताई," महेश म्हणाला.

टाइम कुणाकडे होता?

एका दुपारी उन्नतीने डोळ्यांनी खूण केली. शीलाने मास्क काढला.

"मम्मी, कोकोला महेशकाकाकडे पाठव."

"का गं? शिकेल ती."

"नाय. बघ ना कशी थरथरते." उन्नती दम घेत बोलली. "मी तिला घाबरवते."

"तू नाय गं बाळा, मशीनला घाबरते ती."

"मशीन म्हणजे आता मीच ना?"

लेकीचे ओठ निळसर व्हायला लागले तसा शीलाने मास्क परत बसवला.

रविवारी महेश टेम्पो घेऊन आला. शीला कोकोला पट्ट्याने धरून बाहेर घेऊन गेली. ती दाराशी अडेल, मागे वळून बघेल, असं शीलाला वाटलं होतं. कोकोने महेशला बघताच पट्टा ओढला, एक उडी मारून टेम्पोत चढली आणि शेपूट हलवत भुंकली. किती दिवसांनी भुंकली होती ती. महेश काहीतरी बोलत होता, पण शीलाला त्या मुक्या जनावराचा असा राग आला की ती न ऐकताच घरात वळली.

उन्नती दाराकडे बघत होती. शीलाने मास्क सैल केला.

"गेली?"

"गेली."

"रडली?"

"हो गं. जातच नव्हती."

तळमजल्यावरचं घर, उघडी खिडकी. उन्नतीने आईकडे बघितलं.

"खूश होती ती. मी ऐकलं ना," ती म्हणाली.

मग तिने डोळे मिटले आणि हनुवटी जराशी वर केली, मास्क लावायला. शीलाने पट्टे ओढून बसवले, मशीन चालू केलं, आणि खाली फरशीवर बसून राहिली. मशीन आता दिवसाही लागत होतं, उन्नतीला एकटी ठेवून उद्यापासून कामावर जाता येणार नव्हतं. कंपनीत फोन करायला हवा होता. तिच्याने उठवलं नाही.