कलमाची गाठ

प्रयागबाईचा नवरा रुपराव झाडांवर लेकरासारखी माया करायचा, आणि त्याच मायेनं घात केला. हुडकेश्वरच्या शिवारात दोघांनी मिळून संत्र्याची ऐंशी झाडं लावली होती. रुपराव दरवर्षी त्यांच्या बुंध्याशी मातीचा ढीग चढवी, वर शेणखत, वर पाणी. आता पानं पिवळी पडली, खोडांतून डिंक गळू लागला, अन् मुळाला हात लावला की सडकी साल सुटून हातात येई. झाडं गेली, असं गावानं ठरवूनच टाकलं. रुपरावनं सोमवारी तोडायला माणसं सांगितली.

बाई काही रडत बसणाऱ्यातली नव्हती. बांधाकडच्या सहा झाडांची माती पावसात वाहून गेली होती, बुंध्यावरची कलमाची गाठ उघडी पडली होती, आणि नेमकी तीच सहा झाडं हिरवीगार होती. एवढं दिसायला काय कॉलेजात जावं लागतं? तिनं कुदळ घेतली अन् एकेका बुंध्याची माती ओढू लागली.

"काय करून राहिली वं?" रुपराव धावत आला. "उघडी पडली तं मरतीन ना झाडं."

"मरून तं राहिलीच हायेत. तुमच्या मायेनं."

"मले शिकवतं?"

"हो. काहून, शिकवू नये का?"

तो तणतणत निघून गेला, जेवायलाही आला नाही. रुपरावच्या बायकोनं झाडांची लुगडी फेडली म्हणून लोक बांधावरून हसले. हसोत मेले! तिनं इतवारीच्या बाजारातून मोरचूद आणला, मडक्यात चुन्यासोबत कालवला, सडकी साल विळ्यानं खरवडून तो निळा लेप खोडांना चोपडला. पाणी खोडाला शिवू नये म्हणून हातभर दूर नवं आळं केलं. सोमवारपर्यंत एकटीच्यानं तेवीस झाडं झाली.

सोमवारी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. प्रयागबाईनं एकाच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली अन् पार वाळलेलं एक झाड स्वतःच आडवं केलं. त्याचं काळं मूळ उपटून तिनं नवऱ्याच्या नाकाशी धरलं. घाण वास आला. मग बांधाकडच्या एका झाडाचं मूळ दाखवलं, पांढरं, तजेलदार.

"याले तुमी माती लावली नव्हती," ती म्हणाली. "आता तोडा, कोणतं तोडता ते."

रुपराव कितीतरी वेळ दोन्ही मुळं पाहत राहिला. त्याला आपलीच लाज वाटली. "जा गा घरी," तो माणसांना म्हणाला, आणि पुढच्या झाडाशी बसून दोन्ही हातांनी माती ओढू लागला. मूळ दुखेल म्हणून त्यानं कुदळ घेतली नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"रडता काहून?" प्रयागबाईनं लेपाचं मडकं त्याच्यापुढे ठेवलं. "पन्नास झाडं बाकी हायेत."