सुचित्राबाईंची गाडी

दुसरी गाडीही भंगारात गेली, तेव्हा विश्वास निकमांनी जाहीर केलं की तिसरी गाडी तेच निवडणार. त्यांच्या बायकोने, सुचित्राने, मान डोलावली. ती आंब्यावरच्या किडींची जाणकार. उत्तरेतल्या मलिहाबाद-काकोरीकडचे बागवाले तिला बोलवत, आणि बागांकडे जाणारे सगळे रस्ते कच्चे. पावसाळ्यात चिखल, एरवी पीठ व्हावं तशी धूळ. महिन्याला तीन हजार किलोमीटर सहज होत.

विश्वासरावांनी हवाई दलात आयुष्यभर विमानांची चाकं आणि ब्रेक सांभाळले होते. निवृत्तीनंतर साताऱ्याला परतायचं राहून गेलं आणि तिकडेच, सरोजिनी नगरात, घर झालं. त्यांच्या मते दोष हल्लीच्या गाड्यांचा होता. "पत्र्याचे डबे विकतात नुसते," ते म्हणत.

मग त्यांनी शोरूम पालथ्या घातल्या. विक्रेते रंग दाखवायला लागले की हे खाली वर्तमानपत्र पसरून टॉर्चसकट गाडीखाली शिरत. बाहेर फक्त बूट दिसत. चिनहटच्या एका शोरूममधल्या आदेश श्रीवास्तव नावाच्या तरुणाने त्या बुटांनाच अदबीने विचारलं, "सर, चाय वहीं भिजवा दूँ?"

हा मुलगा त्यांना आवडला. शेवटी त्याच्याकडच्याच दोन गाड्या उरल्या. एक उंच, चकचकीत, काचेच्या छताची, आतून दिवाणखान्यासारखी. दुसरी खोक्यासारखी, ट्रकसारख्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेली, मागे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, आणि बसायला फळी बरी. विश्वासरावांचा कौल चकचकीत गाडीला होता, कारण सुचित्राची कंबर.

"मी जाते त्या रस्त्यावर चालवून बघू," सुचित्रा म्हणाली.

आदेश घुटमळला. टेस्ट ड्राइव्ह म्हणजे हमरस्त्यावर एक फेरी, असा नियम होता. विश्वासरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, मॅडम बहुत आराम से चलाती हैं." हे ते मनापासून बोलत होते. दोघं मिळून कुठे निघाली की गाडी तेच चालवत, आणि ती शेजारी डोळे मिटून बसे. आदेशने साहेबांकडून परवानगी आणली आणि आधी चकचकीत गाडी काढली.

मलिहाबादचा डांबरी रस्ता सोडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग बागांच्या वाटेला लागताच सुचित्राने ओढणीची गाठ मारली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि गाडी सुसाट सोडली.

विश्वासरावांना आधी वाटलं, ब्रेक गेले. त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता. तिथे अर्थातच काही नव्हतं.

"मॅडम, आगे गड्ढा है," मागून आदेश म्हणाला.

"मालूम है भैया, रोज़ का है."

गाडी खड्ड्यावरून उडाली. विश्वासरावांचं डोकं त्या काचेच्या छताला लागलं. दूरवर धूळ दिसताच एका म्हातारीने आपल्या बकऱ्या झटपट वाटेवरून बाजूला घेतल्या. तिला सवय असावी. कालव्याचा बांध ओलांडताना खालून काहीतरी करकरलं आणि पुढच्या बंपरचं प्लास्टिक अख्खंच्या अख्खं वाटेत पडलं. आदेश मागे रामनाम घेत होता.

बागेपाशी गाडी थांबली.

"तू रोज अशीच चालवतेस?" विश्वासरावांनी विचारलं.

"अशी म्हणजे?"

"अगं, खड्डा आला की हळू करायचं असतं."

"हळू केलं की चाक खड्ड्यात उतरतं. जोरात गेलं की वरून जातं."

असला युक्तिवाद त्यांनी फक्त वैमानिकांकडून ऐकला होता, आणि त्या वैमानिकांनी मोडलेली चाकं त्यांनीच नोकरीभर बदलली होती.

"आणि माझ्या शेजारी इतकी वर्षं गप्प बसून असतेस, ते?"

"तुम्ही चालवायला लागलात की मला झोप येते हो," सुचित्रा म्हणाली. तिने सहज सांगितलं, म्हणून ते जास्त लागलं.

परतताना आदेशने ते प्लास्टिक मांडीवर घेतलं होतं. साहेबांना कुत्रा आडवा आला म्हणून सांगतो, असं तो म्हणाला. विश्वासरावांनी ऐकलं नाही. ते स्वतः आत गेले, झालं ते सांगितलं, दुरुस्ती आपल्याकडे घेतली. मात्र "मॅडम" म्हणण्याऐवजी ते "हम लोग" म्हणाले. गाड्या का मोडल्या ते त्यांना आता कळलं होतं. राग यायला हवा होता. पण घरी शिऱ्याचा रवा भाजताना गॅस बारीकच ठेवणारी ही बाई आपल्याला पुरती ठाऊकच नव्हती, याची त्यांना गंमत वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी खोक्यासारखी गाडी. आदेश मोटरसायकलचं हेल्मेट घालूनच मागे बसला. "आदत है सर," तो म्हणाला. तीच वाट, तोच बांध. हाडं खुळखुळली, दात वाजले. बागेत विश्वासराव टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले आणि बऱ्याच वेळाने धुळीने माखून बाहेर आले. एकही बोल्ट सैल नव्हता.

"कंबरेचं काय?" त्यांनी विचारलं.

"उशी घेईन. हीच घ्या."

हीच घेतली. महिन्याभराने, आपल्यालाही जमतं हे दाखवायला, विश्वासरावांनी त्या वाटेवर स्वतः चालवायचा हट्ट धरला. प्रत्येक खड्ड्यात अदबीने उतरत ते बांधापर्यंत पोचले, आणि तिथल्या मऊ मातीत मागची चाकं रुतली ती ट्रॅक्टर येईपर्यंत. सुचित्रा उतरून जवळच्या झाडावरचा तुडतुडा बघत बसली.

आता दोघांचं ठरलंय. डांबर संपेपर्यंत गाडी विश्वासराव चालवतात. ती डुलकी काढते. डांबर संपलं की ते तिला उठवतात, जागा बदलतात, पट्टा आवळतात आणि दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरतात.