पालवी फुटलेला खांब

आखाती देशातल्या अल हैलमधल्या एका व्हिलाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध एक काळाकुट्ट खांब रोवलेला होता आणि त्याच्या शेंड्याला हिरवीगार पालवी फुटली होती.

"शंभर वर्षांच्या जहाजाची डोलकाठी आहे ही!" शिरीषबाबा गरजले. "माझ्या अभिषेकानं जिवंत झाली. मेलेलं लाकूड उठतं, तिथं तुमची शुगर किस झाड की पत्ती? हिच्या पाल्याचं चूर्ण घ्या, इंजेक्शन खलास!" गेल्या वर्षीपर्यंत हेच बाबा जवळच्याच रुसैलच्या एका गोदामात फरशा विकत होते.

विशाखा मागे उभी होती. दिवसभर शाळेत घसा कोरडा करून आलेली, आणि त्यात हे. एक बाबा गेला की दुसरा हजर. तिला अगदी वीट आला होता. पण तिच्या सासूबाई रखमाबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांनी इन्सुलिन सोडलं होतं आणि सकाळपासून त्यांना घेरी येत होती. ही बाई हातची जाईल, या धास्तीनं विशाखा पुढे घुसली.

"आई, घरी चला. इंजेक्शन घ्या."

"तू गप ऱ्हव. शिकलेल्यांका कायच पटना नाय."

विशाखाने खांबाकडे पाहिलं. सकाळीच तिने वर्गात क्रीट बेटावरच्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांबद्दल शिकवलं होतं. भूकंपात घर तगावं म्हणून ते लोक दगडी भिंतींत लाकडी तुळया घालत. खांब मात्र बुंधा वर करून उलटे उभारत. ओलं लाकूड पुन्हा फुटू नये म्हणून, असं काही जण सांगतात. इथं बुंधा खाली होता, आणि त्यावर रोज अभिषेकाच्या घागरी रित्या होत होत्या.

"हात लावू नका, कोप होईल!" बाबा ओरडले.

"होऊ दे," ती थकून म्हणाली आणि किल्लीनं खांब खरवडला. इंजिन ऑइलचा काळा थर निघाला. खाली ओली, हिरवी साल. तिने शेंड्यावरून खाली लोंबणारी एक डहाळी तोडून सासूबाईंच्या हातात दिली.

रखमाबाईंनी पाला चुरगळून हुंगला. "अगो बाय माझे, ह्यो तर शेवगो! गावाक कुंपणाक मीच रोवतंय, पावसात असोच फुटता."

"माऊली, श्रद्धेनं बघा..."

"श्रद्धेनंच बघतंय. भाजयेक बरो आसा." त्या उठल्या, झोकांडी गेली, त्यांनी सुनेचा दंड धरला. "चल गो. सुई टोच माका."

काही लोक हसत पांगले. काही तरीही खांबाला नमस्कार करून गेले. त्यांच्याशी भांडायचं त्राण विशाखात उरलं नव्हतं. म्हणून सांगणं एवढंच: ओल्या लाकडाला पालवी पाण्यानं फुटते, मंत्रानं नाही. देवाला हात जोडा, खुशाल जोडा. पण डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका.